सगळ्या-सगळ्याचा मिळून एक संच का नसतो?

नववीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण संचांचं आहे. संच लिहायच्या दोन पद्धती तिथे शिकवतात. पहिली यादी पद्धत: घटक एकेक करून महिरपी कंसात लिहून काढायचे. दुसरी गुणधर्म पद्धत: यादी करत बसायचं नाही, नुसता गुणधर्म सांगायचा. 'सम संख्या', '५० पेक्षा लहान मूळ संख्या' असं म्हटलं की संच तयार. सोपं प्रकरण आहे, हातचे मार्क देतं, मुलं खूश असतात.

या दुसऱ्या पद्धतीत एक खड्डा आहे. १९०२ सालच्या जून महिन्यात जर्मनीतल्या येना विद्यापीठातला एक प्राध्यापक त्यात पडला आणि त्याची वीसहून जास्त वर्षांची मेहनत त्याच्याबरोबर गेली. त्या खड्ड्याकडे जाणारी वाट अनंतातून जाते. अनंताची मोजदाद ज्या युक्तीने शक्य झाली, त्याच युक्तीने हा खड्डा खणला. त्यामुळे आधी अनंत, मग खड्डा.

पंगतीत किती माणसं बसली आहेत हे न मोजताही पानं पुरली की नाही ते कळतं. प्रत्येकासमोर एक पान आहे, कुणी ताटकळत उभं नाही, एकही पान रिकामं नाही. झालं, जितकी माणसं तितकी पानं. आकडा दोनशे आहे की दोनशे सतरा, याच्याशी वाढप्याला देणंघेणं नाही. गणितात याला एकास-एक संगती म्हणतात. लहान मूल आकडे शिकायच्या आधी बोटांवर हेच करत असतं.

मर्यादित गोष्टींना हे लावलं तर काही बिघडत नाही. अनंताला लावलं की विचित्र गोष्टी घडायला लागतात. १६३८ साली छापलेल्या आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात गॅलिलिओने हे दाखवून दिलं होतं. १, २, ३, ४ अशा सगळ्या संख्या घ्या आणि प्रत्येकीसमोर तिचा वर्ग बसवा: १, ४, ९, १६. कुणीही उभं राहत नाही, एकही पान रिकामं नाही. म्हणजे वर्गसंख्या सगळ्या संख्यांइतक्याच. पण २, ३, ५, ६, ७ या तर वर्गांत नाहीतच! मग वर्ग कमी नकोत का? गॅलिलिओने हात वर केले: समान, कमी, जास्त हे शब्द अनंताला लावूच नयेत.

अडीचशे वर्षांनी जर्मनीतल्या हाल्ले इथला गणितज्ञ गेओर्ग कँटर याने नेमकं उलटं केलं. संगती लागते ना, मग समान म्हणा. त्यातून जे विचित्र निघेल ते निघू द्या. त्याचा मित्र रिचर्ड डेडेकिंड आणखी एक पाऊल पुढे गेला. तो म्हणाला, हा विचित्रपणा म्हणजेच अनंताची व्याख्या. जो संच आपल्याच एखाद्या तुकड्याशी एकास-एक जुळतो, तो अनंत.

न संपणारी पंगत डोळ्यांसमोर आणा. पानांना क्रमांक आहेत १, २, ३, आणि सगळी भरलेली. तेवढ्यात एक पाहुणे उशिरा आले. यजमान म्हणतात, "जरा सरकून घ्या." पहिला दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या, असे सगळे एकेक पान सरकले. पहिलं पान मोकळं झालं आणि उठावं कुणालाच लागलं नाही. मग न संपणाऱ्या माणसांचं वऱ्हाडच दारात उभं राहिलं तर? प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दुप्पट क्रमांकावर जायचं: पहिला दुसऱ्यावर, दुसरा चौथ्यावर, तिसरा सहाव्यावर. विषम क्रमांकाची सगळी पानं रिकामी झाली आणि वऱ्हाड बसलं. जर्मन गणितज्ञ डाव्हिड हिल्बर्ट १९२४-२५ च्या व्याख्यानांत हीच गोष्ट हॉटेलच्या खोल्यांवर सांगायचा. मी पंगत घेतली, कारण रात्री-अपरात्री खोली बदलायला सांगितलं तर भांडण होईल, पण पंगतीत सरकून घ्यायला कुणाची ना नसते.

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखर जुळतो. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात काही मिळवा किंवा काढा, तिच्यात बदल होत नाही, असं त्यांनी लिहिलं. उपमा दिली अच्युताची: प्रलयकाळी असंख्य जीव त्याच्यात शिरतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तो मात्र तसाच. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात आहे. सरकून घेणाऱ्या पंगतीचा गुण त्या श्लोकात आहे, यात शंका नाही. पण 'म्हणजे हे आपल्याला आधीच ठाऊक होतं' असं कुणी म्हणू लागलं की मी विषय बदलतो. कँटरचं खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि ते नेमकं उलट्या दिशेने जातं: एक पंगत अशी आहे की कितीही सरकलात तरी ती बसवता येत नाही.

आधी वाटतं, काहीही बसवता येईल. अपूर्णांकच घ्या. कुठल्याही दोन अपूर्णांकांमध्ये आणखी अनंत अपूर्णांक खच्चून भरलेले असतात. ते १, २, ३ या पानांवर कसे मावणार? पण मावतात. एक मोठा तक्ता आखा. पहिल्या ओळीत छेद १ असलेले, दुसऱ्या ओळीत छेद २ असलेले, आणि असंच खाली. आता कोपऱ्यातून सुरुवात करून तिरक्या ओळींनी नागमोडी चालत जा आणि प्रत्येकाला क्रमांक देत सुटा. प्रत्येक अपूर्णांक कधी ना कधी वाटेत लागतोच. अपूर्णांक नैसर्गिक संख्यांइतकेच निघाले. मग अनंत म्हणजे अनंत, सगळे सारखेच?

नोव्हेंबर १८७३ मध्ये कँटरने डेडेकिंडला पत्रातून विचारलं: रेषेवरचे सगळे बिंदू, म्हणजे सगळ्या वास्तव संख्या, अशा क्रमांकांवर बसवता येतील का? डिसेंबर उजाडला आणि त्याने स्वतःच उत्तर कळवलं: नाही. ती सिद्धता १८७४ साली छापून आली. पण आज सगळीकडे सांगतात ती सिद्धता त्याने १८९१ मध्ये दिली, आणि तीच आपल्याला हवी आहे.

समजा, कुणी दावा केला की ० आणि १ यांच्या मधल्या सगळ्या संख्यांची क्रमवार यादी माझ्याकडे आहे. ठीक, दाखवा म्हणावं.

पहिली: ०.३१४१५…
दुसरी: ०.५५५५५…
तिसरी: ०.१२०००…
चौथी: ०.७१८२८…
पाचवी: ०.००९१५…

अशी ती पुढे चालूच आहे. आता पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे तिरक्या रेघेवरचे अंक वाचा: ३, ५, ०, २, ५. प्रत्येक अंक बदलायचा. नियम साधा: ५ असेल तर ६ लिहा, नाहीतर ५ लिहा. हाती आलं ०.५६५५६… ही संख्या यादीत कुठे आहे? पहिली नाही, कारण पहिला अंक वेगळा. दुसरी नाही, कारण दुसरा अंक वेगळा. दहा लाखावी नाही, कारण दहा लाखावा अंक वेगळा. ती यादीत नाहीच.

इथे नेहमी दोन शंका निघतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली: मग ती संख्या यादीत घालून टाका की, पंगतीत सरकून घेतलं तसं! घाला. नवी यादी तयार झाली. तिच्यावर पुन्हा तिरकी रेघ ओढतो, पुन्हा एक संख्या बाहेर. पंगतीत आलेल्या पाहुण्यांना जागा झाली की प्रश्न मिटत होता. इथे जागा करून होताच दारात दुसरा पाहुणा उभा. कुठलीही यादी घेऊन या, ती अपुरीच ठरते.

दुसरी शंका जास्त हुशार आहे: हीच युक्ती अपूर्णांकांच्या यादीवर चालवली तर? तेही मोजता येत नाहीत असं नाही का ठरणार? नाही ठरत. यादीबाहेरची संख्या तिथेही मिळेल, पण ती अपूर्णांक असणार नाही. अपूर्णांकाचे दशांश कधी ना कधी त्याच चक्रात फिरू लागतात, आणि ही नवी संख्या तसं करणार नाही. त्यामुळे अपूर्णांकांच्या यादीचं काहीच बिघडत नाही. वास्तव संख्यांच्या यादीत मात्र कुठलेही दशांश चालतात, म्हणून तिथे सुटका नाही.

तर अनंत कमीत कमी दोन आकारांचे. एकाला गणनीय म्हणतात, दुसऱ्याला अगणनीय. मधल्या काळात, १८७७ मध्ये, कँटरला आणखी एक धक्का बसला होता: चौरसातले बिंदू आणि त्याच्या एका बाजूवरचे बिंदू एकास-एक जुळतात, सारखेच आहेत. डेडेकिंडला जर्मनमध्ये पत्र लिहिता लिहिता तो मधेच फ्रेंचवर आला: दिसतंय मला, पण विश्वास बसत नाही.

बर्लिनच्या क्रोनेकरचा तर बसलाच नाही. पूर्णांकांपासून हाताने रचता येत नाही ते गणितच नव्हे, असं मानणारा तो माणूस, आणि जर्मन गणितात त्याचं वजन मोठं होतं. कँटरला १८८४ मध्ये नैराश्याचा पहिला मोठा झटका आला. पुढे आयुष्यभर इस्पितळाच्या वाऱ्या झाल्या आणि जानेवारी १९१८ मध्ये हाल्लेच्या आरोग्यधामातच तो वारला. अनंताचा विचार करून त्याला वेड लागलं, ही गोष्ट लोक फार चवीने सांगतात. मला ती आवडत नाही. त्याला आजार होता, १८९९ मध्ये धाकटा मुलगा गेला होता, आणि मधल्या बऱ्या काळात तो उत्तम गणित करत होता.

तिरकी रेघ आकड्यांपुरती नाही. आकडे काढून टाकले तरी ती उरते, आणि तेव्हाच ती खरी धारदार होते.

एक गाव घ्या. गावात कुणीही कुणाला घेऊन समिती करावी. तीन माणसं असतील तर आठ समित्या होतात: तिघांची एक, दोघादोघांच्या तीन, एकेकट्याच्या तीन आणि एक रिकामी. (एकही सदस्य नसलेली समिती आपल्याकडे काही नवलाची नाही.) आठ समित्यांना तिघांची नावं देता येणार नाहीत, पाच बिननावाच्या राहणारच. पण गाव अनंत माणसांचं असेल तर? तिथे तर सरकून घेऊन काहीही बसतं. मग प्रत्येक समितीला एकेका माणसाचं नाव देता येईल का?

समजा दिलं. म्हणजे प्रत्येक माणसाच्या नावाची एक समिती आहे. काही जण आपल्याच नावाच्या समितीत सदस्य असतील, काही नसतील. जे नाहीत त्यांना 'बाहेरचे' म्हणू. या सगळ्या बाहेरच्यांची मिळून एक समिती करा. हिला कुणाचं नाव आहे? समजा, सखूबाईंचं. मग सखूबाई स्वतः या समितीत आहेत का? असतील, तर त्या आपल्या नावाच्या समितीत आहेत, म्हणजे बाहेरच्या नाहीत, म्हणजे इथे नकोत. नसतील, तर त्या बाहेरच्या ठरल्या, म्हणजे इथे हव्यात. दोन्हीकडून अडचण. म्हणून ही समिती सखूबाईंच्या नावाची नव्हे. याच कारणाने ती कुणाच्याच नावाची नव्हे.

नीट पाहिलं तर हीच ती तिरकी रेघ. माणसं ओळींत, माणसंच रकान्यांत, आणि 'हा त्याच्या समितीत आहे का' याची हो-नाही उत्तरं तक्त्यात. तिरक्या रेघेवर प्रत्येक जण स्वतःच्याच समितीसमोर येतो. ती उत्तरं उलटवली की बाहेरच्यांची समिती मिळते. यातून कँटरचा सिद्धांत निघतो: कुठल्याही संचाचे उपसंच त्याच्या घटकांपेक्षा नेहमी जास्तच. मग नैसर्गिक संख्यांच्या वर एक मोठा अनंत, त्याच्या उपसंचांचा त्याहून मोठा, त्याच्या उपसंचांचा त्याहूनही मोठा. जिना कुठे संपतच नाही.

इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलला हे पटेना. १९०१ साली तो एकोणतीस वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं: सगळ्यात मोठा अनंत असायलाच हवा, तो म्हणजे जगात जे जे आहे त्या सगळ्याचा संच. त्याच्या बाहेर काहीच नाही, मग त्याहून मोठं काय असणार? कँटरच्या सिद्धतेत कुठेतरी बारीक चूक आहे, असं त्याने तेव्हा छापूनही टाकलं. मग ती चूक शोधण्यासाठी त्याने कँटरची युक्ती त्या सर्वसमावेशक संचावर चालवून पाहिली.

तिथे प्रत्येक संच स्वतःच एक 'माणूस' आहे आणि स्वतःच स्वतःची 'समिती'. मग 'बाहेरचे' कोण? जे संच स्वतःचेच घटक नाहीत, ते. आंब्यांचा संच हा काही आंबा नव्हे, म्हणून तो बाहेरचा. 'आंबा नसलेल्या गोष्टींचा संच' मात्र स्वतःही आंबा नाहीच, म्हणून तो स्वतःचा घटक आहे. आता सगळ्या बाहेरच्यांचा, म्हणजे स्वतःचे घटक नसलेल्या सगळ्या संचांचा, एक संच करा. तो स्वतःचा घटक आहे का? असेल तर नाही, नसेल तर आहे.

गावात आपण म्हणू शकलो की ती समिती कुणाच्याच नावाची नाही, आणि मोकळे झालो. इथे ती पळवाट बंद आहे, कारण इथे यादीत सगळंच आहे. रसेल चूक शोधायला कँटरच्या घरात शिरला आणि पायाखालची फरशीच निघाली.

हा विरोधाभास लोकांना न्हाव्याच्या गोष्टीतून माहीत असतो. गावातला एक न्हावी स्वतःची दाढी स्वतः न करणाऱ्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी करतो. मग त्याची दाढी कोण करतो? गोष्ट छान आहे, पण माझ्या मते ती समजुतीची वाट लावते. न्हाव्याच्या कोड्याला सरळ उत्तर आहे: असा न्हावी असू शकत नाही. कुणी पाटी लावली म्हणून तो अस्तित्वात येत नाही. कोडं संपलं. संचाच्या बाबतीत असं म्हणायची सोय नव्हती, कारण गुणधर्म सांगितला की संच असतोच, हा नियम होता. नववीतली गुणधर्म पद्धत ती हीच.

आणि हा नियम पांढऱ्यावर काळं करून लिहून ठेवणारा माणूस होता येनाचा गॉटलोब फ्रेगे. सगळं अंकगणित शुद्ध तर्कातून बांधून काढायचं, एकही गोष्ट 'दिसतेच आहे' म्हणून गृहीत धरायची नाही, हे त्याचं आयुष्यभराचं काम. पहिला खंड १८९३ मध्ये निघाला होता, दुसरा छपाईत होता. १६ जून १९०२ ला रसेलने त्याला पत्र लिहिलं. आधी कामाबद्दल मनापासून आदर, मग 'एकाच ठिकाणी मला अडचण आली', आणि मग ती अडचण मोजक्या ओळींत. फ्रेगेने आठवडाभराच्या आत, २२ जूनला उत्तर पाठवलं. या शोधाने आपण हादरलो आहोत, अंकगणित ज्यावर उभं करायचं होतं तो पायाच हलला आहे, हे त्याने आडपडदा न ठेवता मान्य केलं. दुसरा खंड १९०३ मध्ये आला तो या कबुलीच्या परिशिष्टासह. त्यात त्याने दुरुस्तीही सुचवली होती, पण ते ठिगळही पुढे टिकलं नाही. आयुष्याचं काम जवळजवळ पुरं होत आलेलं असताना फ्रेगेने वैयक्तिक निराशा गिळून सत्याला दाद दिली, याची आठवण रसेलने साठ वर्षांनी काढली.

खरं तर हा खड्डा इतरांनीही पाहिला होता. कँटरला 'सगळ्याचा संच' धरला की विसंगती येते हे १८९० च्या दशकातच कळलं होतं. तो शांतपणे म्हणायचा, काही समुदाय एवढे मोठे असतात की त्यांना एक वस्तू म्हणून धरताच येत नाही. ग्योटिंगेनमध्ये एर्न्स्ट झर्मेलोलाही रसेलचा विरोधाभास स्वतंत्रपणे सापडला होता. आज चालतो तो उपाय झर्मेलोचाच, १९०८ सालचा.

तो उपाय तांदूळ निवडण्यासारखा आहे. सुपात तांदूळ घेतल्याशिवाय निवडणार काय? झर्मेलो म्हणाला, नुसता गुणधर्म सांगून संच मिळणार नाही. आधी हातात असलेला एक संच दाखवा, मग त्यातून गुणधर्माप्रमाणे निवडा. 'सगळे खडे' असं म्हणता येणार नाही, 'या सुपातले खडे' म्हणता येईल. आधीच असलेल्या संचांवरून नवे कसे करायचे (दोन एकत्र करून, सगळे उपसंच घेऊन, वगैरे) याचे वेगळे नियम, आणि एक तरी अनंत संच असतो हे गृहीतक. बस्स.

आता रसेलची युक्ती चालवून पाहा. कुठलंही सूप घ्या, त्यातले 'बाहेरचे' निवडा. जो संच मिळेल तो त्या सुपात असू शकत नाही, नाहीतर पुन्हा तीच सखूबाईंची अडचण. म्हणजे प्रत्येक सुपाबाहेर काहीतरी राहतंच, आणि म्हणून सगळ्या-सगळ्याचं सूप नसतं. काल जो विरोधाभास होता तो आज साधा सिद्धांत झाला. नववीच्या पुस्तकात 'विश्वसंच' असतो तोही असाच, त्या उदाहरणापुरतं घेतलेलं सूप.

रसेलने स्वतः वेगळी वाट धरली. वस्तू तळमजल्यावर, वस्तूंचे संच पहिल्या मजल्यावर, संचांचे संच दुसऱ्यावर, आणि स्वतःच्याच मजल्याबद्दल बोलायला बंदी. गणितज्ञ व्हाइटहेडबरोबर त्याने हे तीन जाडजूड खंडांत मांडलं, १९१० ते १९१३. एक अधिक एक दोन होतात याची तयारी पहिल्या खंडाच्या ३७९ व्या पानावर कुठे पुरी होते. छपाईत ६०० पौंडांचं नुकसान होणार असा अंदाज होता. काही मुद्रणालयाने सोसलं, काही रॉयल सोसायटीने दिलं, आणि उरलेले शंभर दोघा लेखकांनी खिशातून भरले. दहा वर्षं राबून प्रत्येकी उणे ५० पौंड कमावले, असा हिशोब रसेलने लिहून ठेवला आहे.

भेगा बुजल्या, पण पुन्हा पडणार नाहीत याची खात्री कोण देणार? हिल्बर्टला ती गणिताकडूनच हवी होती. कँटरने उभारलेल्या नंदनवनातून आपल्याला कुणी हाकलू शकणार नाही, असं तो १९२५ मध्ये म्हणाला होता. त्याची कल्पना अशी: नियमांची यादी ठरवा, आणि त्या नियमांतून कधीच विसंगती निघणार नाही हे अगदी साध्या, मर्यादित साधनांनी सिद्ध करा. ८ सप्टेंबर १९३० ला त्याच्या जन्मगावी, क्योनिग्सबर्गमध्ये, त्याने निवृत्तीचं भाषण केलं आणि शेवटी म्हणाला: आपल्याला कळलंच पाहिजे, आणि कळेलच. हे शब्द पुढे त्याच्या थडग्यावर कोरले गेले. पण आदल्याच दिवशी, त्याच शहरात, चोवीस वर्षांच्या कुर्ट गोडेलने एका चर्चेत हळू आवाजात सांगितलं होतं की असं होऊ शकत नाही.

गोडेलची युक्ती? पुन्हा तिरकी रेघ. त्याने गणितातल्या प्रत्येक विधानाला एक क्रमांक दिला, त्यामुळे संख्यांबद्दलची विधानं आडून विधानांबद्दलच बोलू लागली. मग 'अमुक क्रमांकाचं सूत्र त्याच्याच क्रमांकाला लावलं तर ते सिद्ध होत नाही' या धर्तीचं सूत्र रचलं आणि ते त्याच्या स्वतःच्याच क्रमांकाला लावलं. तयार झालेलं विधान म्हणतं: मला सिद्ध करता येणार नाही. रसेलच्या संचाचंच हे भावंड, फक्त एका शब्दाचा फरक. 'खरं नाही' असं म्हटलं असतं तर सगळं कोसळलं असतं. 'सिद्ध होत नाही' म्हटल्यामुळे ते उभं राहतं. नियम विसंगत नसतील तर हे विधान खरंच सिद्ध होत नाही, म्हणजे ते खरंच बोलतं. खरं आहे आणि सिद्ध होत नाही. बेरीज-गुणाकार मांडता येतील अशा, नेमक्या नियमांच्या कुठल्याही विसंगतिरहित व्यवस्थेचं हेच होतं. आणि आपण विसंगत नाही हे अशी व्यवस्था स्वतःच्या बळावर सिद्ध करू शकत नाही. १९३६ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने हीच रेघ यंत्रांच्या यादीवर ओढली. आज कुठलंही सॉफ्टवेअर अडकून पडेल की थांबेल हे आधी सांगणारं सर्वांसाठीचं एकच सॉफ्टवेअर का लिहिता येत नाही, याचं उत्तर तिथून निघतं.

गोडेलचं ते विधान मुद्दाम बेतलेलं होतं, म्हणून गणितातल्या पुष्कळांना वाटलं की आपल्या रोजच्या प्रश्नांना काही धोका नाही. पण एक जुना, अगदी सरळ प्रश्न रांगेत उभा होता. नैसर्गिक संख्यांचा अनंत लहान, रेषेवरच्या बिंदूंचा मोठा. या दोघांच्या मधे काही आहे का? मधे काहीच नाही, असा अंदाज कँटरने १८७८ मध्ये बांधला. तो सिद्ध करायला त्याने कित्येक वर्षं घालवली. एकदा सिद्ध झालं म्हणायचा, पुन्हा मागे घ्यायचा. हिल्बर्टने १९०० साली पॅरिसमध्ये नव्या शतकासाठी प्रश्न मांडले, त्यांत पहिला क्रमांक याचाच. १९३८ मध्ये गोडेलने दाखवलं की झर्मेलोच्या नियमांनी हा अंदाज खोटा ठरवता येत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेच्या पॉल कोहेनने दाखवलं की खराही ठरवता येत नाही. या कामासाठी त्याला १९६६ चं फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं.

म्हणजे प्रश्नच निरर्थक आहे का? इथे गणितज्ञांमध्ये सरळ दोन तट आहेत. काही म्हणतात, समांतर रेषांच्या गृहीतकासारखंच हे आहे: एक भूमिती ते मानून, दुसरी न मानून, दोन्ही चांगल्या. इतर म्हणतात, अजिबात नाही. मधे काही आहे किंवा नाही. आपले नियम तोकडे आहेत, चांगले नियम शोधा. अमेरिकेचा ह्यू वुडिन या दुसऱ्या तटाचा. मधे नेमका एक आकार आहे, म्हणजे कँटर चुकला, असं तो २००१ च्या सुमारास मांडत होता. २०२१ मध्ये डाव्हिड अस्पेरो आणि राल्फ शिंडलर यांनी दोन वेगवेगळ्या बाजूंनी आलेली गृहीतकं एकमेकांशी जोडून दाखवली. दोन्हींचा कौल एकच: मधे एक आकार आहे. त्यातलं एक गृहीतक वुडिनचंच. पण तोपर्यंत वुडिनने बाजू बदलली होती, आणि कँटर बरोबर होता असं त्याला वाटू लागलं होतं.